बाबांचं गाणं आणि बेटावरचा पाहुणा

चिमणीच्या अंड्यातून चिमणीच बाहेर येते. म्हशीला रेडकू होतं, गाईला वासरू, शेळीला करडू. कावळ्याच्या घरट्यात कधी कोकिळेचं पिल्लू दिसलं, तरी ते अंडं कोकिळेनंच गुपचूप तिथं घातलेलं असतं. म्हणजे प्रत्येक पिल्लू आपल्या आईबाबांच्याच प्रजातीचं. हो ना?

मग मला सांगा, पृथ्वीवर इतक्या निरनिराळ्या प्रजाती आल्या तरी कुठून? कोट्यवधी वर्षांपूर्वी चिमण्या नव्हत्या, म्हशी नव्हत्या, आपणही नव्हतो. पुढे कधीतरी आपण सगळे आलो. तर मग जगातल्या पहिल्यावहिल्या चिमणीची आई कोण होती? ती चिमणीच होती म्हणावं, तर आपली चिमणी पहिली ठरत नाही. आणि ती चिमणी नव्हती म्हणावं, तर तिच्या अंड्यातून चिमणी निघाली कशी?

मला हा प्रश्न फार आवडतो. नुसतं बसून विचार केला, तर तो सुटत नाही, उलट डोकं गरगरायला लागतं. तो सोडवायचा तर पक्ष्यांच्या मागे जायला हवं, त्यांच्या पिल्लांच्या, पिल्लांच्या पिल्लांच्या मागे जायला हवं. एका जोडप्यानं तेच केलं. चाळीस वर्षं केलं!

पीटर आणि रोझमेरी ग्रँट ही त्यांची नावं. दोघंही शास्त्रज्ञ. १९७३ साली ते पहिल्यांदा गॅलापागोस बेटांवर गेले. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशापासून पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात सुमारे एक हजार किलोमीटर आत ही बेटं आहेत. समुद्रतळातून ज्वालामुखी उसळले आणि त्यातून ती वर आली. १८३५ साली चार्ल्स डार्विन तिथं जाऊन आले होते. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्यांनी तिथून काही साधेसुधे, काळपट-तपकिरी पक्षी इंग्लंडला नेले. कुणाची चोच जाडजूड, कुणाची बारीक टोकदार. लंडनमधल्या जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञांनी १८३७ मध्ये ते तपासले आणि सांगितलं, की दिसायला इतके वेगळे असले तरी हे सगळे एकाच घराण्यातले आहेत, पण प्रजाती मात्र वेगवेगळ्या आहेत. हेच ते फिंच पक्षी. आज गॅलापागोसवर त्यांच्या दीड डझनाच्या आसपास प्रजाती मोजतात आणि या सगळ्यांचे पूर्वज वीसेक लाख वर्षांपूर्वी, बहुधा दक्षिण अमेरिकेतून, तिथं उडत आले होते.

डार्विन यांना वाटायचं, की प्रजाती बदलतात खऱ्या, पण इतक्या सावकाश, की माणसाच्या डोळ्यांना ते कधी दिसणारच नाही. ग्रँट जोडप्यानं ठरवलं, बघू तरी!

त्यांनी निवडलं डॅफ्ने मेजर नावाचं बेट. एक चौरस किलोमीटरचे तीन भाग केले, तर जेमतेम एका भागात बसेल एवढंच ते. मधे ज्वालामुखीचं जुनं तोंड, भोवती उभे कडे. उतरायला किनारा नाहीच. होडी कड्याजवळ आणायची, लाट वर आली की नेमकी त्याच क्षणी खडकावर उडी मारायची. बेटावर प्यायच्या पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे पाण्याचे कॅन, तंबू, डब्यातलं अन्न, सगळं सोबत न्यायचं. त्यांच्या निकोला आणि थालिया या दोन लहान मुलीही तिथल्या फिंचांच्या सहवासात वाढल्या. विचार करा, शाळेला सुट्टी आणि मुक्काम ज्वालामुखीवर!

आणि तिथले पक्षी! त्यांना माणसाची भीतीच वाटत नाही. हातावर येऊन बसतात, डोक्यावर बसतात, कपाच्या काठावर बसून आत डोकावतात. ग्रँट आणि त्यांचे विद्यार्थी त्यांना बारीक जाळीत हळूच पकडायचे. चोचीची लांबी मोजायची, जाडी मोजायची, रुंदी मोजायची, वजन करायचं, मग पायात नंबर लिहिलेलं धातूचं एक कडं आणि रंगीत प्लास्टिकची तीन कडी घालायची आणि सोडून द्यायचं. आता दुर्बिणीतून रंग पाहिले, की तो कोण ते कळायचं. त्याचे आईबाबा कोण, त्यानं कुणाशी जोडी जमवली, किती पिल्लं झाली, त्यातली किती जगली, सगळं वहीत. बेट लहान आणि पक्षी सहसा ते सोडून जात नाहीत, म्हणून हळूहळू जवळजवळ प्रत्येक पक्ष्याची ओळख झाली. शास्त्राच्या कामातलं हे मोजणं मला फार मोठं वाटतं. एका मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी उन्हात तासन् तास उभं राहायचं, आणि तेही वर्षानुवर्षं.

त्या मिलिमीटरांनी काय दाखवलं, ते ऐका.

डॅफ्नेवर सगळ्यात जास्त होते मध्यम फिंच. नावाप्रमाणेच मध्यम आकाराचे, बिया खाणारे. त्यांच्यातही काहींची चोच जरा जाड, काहींची जरा लहान. फरक एवढासा, की नुसत्या डोळ्यांना कळायचा नाही. पाऊस चांगला झाला की गवताच्या बारीक बिया भरपूर असायच्या आणि सगळेच मजेत जगायचे.

१९७७ साली मात्र पाऊस जवळजवळ आलाच नाही. पावसाळाभरात जेमतेम २४ मिलिमीटर. गवत वाळलं. झाडांना पानं फुटेनात. सोप्या, बारीक बिया पक्ष्यांनी भराभर संपवल्या. मग उरलं काय? सराटे! हो, आपल्याकडे माळावर अनवाणी चालताना पायात घुसतात ना, तेच. डॅफ्नेवरचं झाड हे आपल्या सराट्याचं सख्खं भावंड आहे. फळ तसंच कडक, तसंच काटेरी. आत बी असते, पण ती काढायची म्हणजे चोचीचा अडकित्ता दणकट हवा. ज्यांची चोच थोडी जाड होती, त्यांना सराटा फोडता आला. ज्यांची अर्ध्या मिलिमीटरनं कमी होती, ते उपाशी राहिले.

वर्ष संपलं तेव्हा मध्यम फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के मेले होते. तेव्हा बेटावर पीटर बोग नावाचा विद्यार्थी काम करत होता. ज्या पक्ष्यांच्या पायांत कडी घातली होती, तेच पक्षी खडकांत मेलेले सापडायचे. वाचलेल्यांमध्ये नर जास्त होते, कारण नर मादीपेक्षा थोडे मोठे असतात. आणि वाचलेल्यांच्या चोची मोजल्या, तर सरासरी जाडी आधीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरनं वाढलेली! कुणा पक्ष्याची चोच वाढली नव्हती बरं का. पक्ष्याची चोच मोठेपणी अशी वाढत नाही. बारीक चोचीचे मेले आणि जाड चोचीचे उरले, म्हणून सरासरी सरकली. पुढच्या वर्षी त्यांना पिल्लं झाली, तीही जाड चोचीची, कारण चोचीची ठेवण आईबाबांकडून येते. डार्विन ज्याला नैसर्गिक निवड म्हणाले, ती एका वर्षात, डोळ्यांसमोर, मोजपट्टीवर दिसली.

मग झाली का नवी प्रजाती? नाही!

१९८३ साली उलटंच घडलं. एल निनो आला, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, आणि डॅफ्नेवर तेराशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. वेली माजल्या, सराट्यांवर चढल्या, जिकडे तिकडे बारीक बियाच बिया. पुढच्या कोरड्या काळात बारीक चोचीच्या पक्ष्यांचं फावलं आणि सरासरी परत खाली आली. म्हणजे चोच इकडे सरकते, तिकडे सरकते, पण सगळे एकमेकांशी जोड्या जमवत राहतात, सगळ्यांचे गुण एकमेकांत मिसळत राहतात. एकाच मोठ्या कुटुंबातली ही सरमिसळ चालू आहे, तोवर त्याचे दोन तुकडे कसे होणार?

इथं आपल्याला पहिला धागा सापडला. नवी प्रजाती व्हायची, तर नुसतं बदलून भागत नाही. वेगळं पडायला हवं. दोन गट एकमेकांत मिसळायचे थांबायला हवेत.

वेगळं पडण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे मधे काहीतरी आडवं येणं. गॅलापागोसमध्ये समुद्र आडवा आहे. एका बेटावरचे काही पक्षी वाऱ्यानं दुसऱ्या बेटावर गेले आणि तिथंच राहिले. तिथलं खाणं वेगळं, दुष्काळ वेगळे. शेकडो पिढ्या गेल्या की दोघं इतके बदलतात, की पुन्हा भेटले तरी जोडी जमत नाही. समुद्रच हवा असंही नाही. आपल्या सह्याद्रीत, त्यातही दक्षिणेकडे, झुडपांवर राहणारे चिमुकले बेडूक आहेत, तुमच्या अंगठ्याएवढे. त्यांच्या अंड्यांतून शेपटीचे मासोळीसारखे जीव न निघता थेट इवले बेडूकच निघतात. त्यांना ओल लागते, धुकं लागतं, म्हणून उंच डोंगरावरचा बेडूक खालची उष्ण, कोरडी दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी ती दरी समुद्रच आहे. पालघाटची रुंद खिंड तर फारच मोठा अडसर. त्यामुळे पश्चिम घाटात या बेडकांच्या डोंगरागणिक वेगळ्या कितीतरी प्रजाती झाल्या आहेत. दिसायला त्या इतक्या सारख्या, की पावसाळ्याच्या रात्री टॉर्च घेऊन हिंडणारे अभ्यासक पुष्कळदा त्यांना आवाजावरून ओळखतात. नराचं ओरडणं प्रत्येक प्रजातीचं निराळं, आणि मादी आपल्याच प्रजातीच्या हाकेला जाते.

आवाज! दुसरा धागा हा. आणि फिंचांमध्ये तर तो फारच गमतीदार आहे.

फिंचांमध्ये नर गातात. ते गाणं त्यांना जन्मतः येत नाही, ते शिकावं लागतं. कुणाकडून? बाबांकडून. पिल्लू घरट्यात असताना आणि बाहेर पडल्यावर काही दिवस बाबा आसपास गात असतात, ते त्याच्या कानात बसतं. नंतर ते स्वतः तेच गाणं गायला लागतं आणि जन्मभर बदलत नाही. मुलीही ते ऐकत वाढतात. त्या गात नाहीत, पण मोठेपणी जोडीदार निवडताना साधारण बाबांच्या प्रजातीसारखं गाणारा आणि दिसणारा नर निवडतात. लॉरीन रॅटक्लिफ या ग्रँट यांच्या विद्यार्थिनीनं याची परीक्षाही घेतली. कधी नुसतं टेप केलेलं गाणं वाजवायचं, कधी पेंढा भरलेला पक्षी समोर ठेवायचा, आणि फिंच काय करतात ते टिपायचं. ते गाण्यावरूनही आपली प्रजाती ओळखत होते आणि रूपावरूनही.

कधीकधी चूक व्हायची. एखाद्या पिल्लाचे बाबा मरायचे आणि शेजारी निवडुंगावर राहणारा दुसऱ्या प्रजातीचा फिंच जोरजोरात गायचा. पिल्लाच्या कानात शेजाऱ्याचंच गाणं बसायचं. मोठं झाल्यावर ते शेजाऱ्यांच्या प्रजातीत जोडी जमवायचं. अशा जोड्या फार थोड्या, पण ग्रँट यांच्या वह्यांत त्यांची नोंद आहे. यातून केवढी गोष्ट कळली बघा. डॅफ्नेवरच्या दोन प्रजातींना वेगळं ठेवणारा समुद्र नव्हता, डोंगर नव्हता. लहानपणी ऐकलेलं एक गाणं होतं.

आणि आता तो पाहुणा.

१९८१ साली ग्रँट यांच्या जाळीत एक अनोळखी नर सापडला. अंगानं डॅफ्नेवरच्या मध्यम फिंचांपेक्षा बराच थोराड, वजन २८ ग्रॅमच्या वर, डोकं मोठं, पिसं चकचकीत काळी. त्याच्या पायात कडं घातलं, नंबर ५११०. तो या बेटावरचा नव्हता, हे उघड होतं. आणि त्याचं गाणं डॅफ्नेवरच्या कुठल्याच नरासारखं नव्हतं. आला कुठून? तेव्हा अंदाज केला गेला, की जवळच्या सांताक्रूझ बेटावरून आला असावा. खरं उत्तर मिळायला पुढे छत्तीस वर्षं लागली. त्याच्या रक्ताचा थेंब जपून ठेवला होता, तो स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात लेइफ अँडरसन, संगीत लामिछाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. पाहुणा होता एस्पान्योला बेटावरच्या मोठ्या निवडुंग फिंचांपैकी. एस्पान्योला डॅफ्नेपासून शंभर किलोमीटरहून जास्त दूर! मुठीत मावेल एवढा पक्षी समुद्रावरून एवढ्या लांब आला आणि परत काही गेला नाही.

डॅफ्नेवर त्याच्या प्रजातीची मादी कुठून मिळणार? त्यानं मध्यम फिंचांतल्या मादीशी जोडी जमवली. तो तेरा वर्षं जगला. फिंचासाठी हे पुष्कळच. त्याला पिल्लं झाली. मुलगे बाबांचं ते अनोळखी गाणं शिकले. मग त्यांचे मुलगे तेच गाणं शिकले. आता या मुलग्यांनी बेटावरच्या माद्यांसमोर गायला सुरुवात केली, की त्या वळूनही बघेनात, कारण त्यांच्या बाबांचं गाणं वेगळं होतं आणि रूपही वेगळं. त्या गाण्याला ओ देणाऱ्या फक्त पाहुण्याच्याच वंशातल्या मुली. दुसऱ्या पिढीपासून या घराण्यातले पक्षी आपसातच जोड्या जमवू लागले. ग्रँट त्यांना ‘बिग बर्ड’ म्हणायचे, मोठे पक्षी. या पक्ष्यांची राहण्याची ठिकाणंही एकमेकांच्या जवळजवळ असायची.

मग २००३ ते २००५ या काळात पुन्हा भयंकर दुष्काळ पडला. मोठ्या पक्ष्यांच्या घराण्यात फक्त दोघं उरले, एक भाऊ आणि एक बहीण. गोष्ट इथंच संपायची. पण पाऊस परतला, त्या दोघांनी घरटं केलं, पिल्लं वाढवली, आणि घराणं पुन्हा फुललं. इतक्या जवळच्या नात्यात पिल्लं झाली की ती पुष्कळदा दुबळी निघतात. ही मात्र जगली. २०१२ साली ग्रँट यांनी बेटावरचं काम थांबवलं, तेव्हा या वंशाचे २३ पक्षी होते आणि त्यांच्या आठ जोड्या होत्या. चोचीची ठेवणही त्यांची अगदी स्वतःची. लांबी आणि जाडी यांचं त्यांच्यात जे माप आहे, ते शेजारच्या कुठल्याच प्रजातीत बसत नाही, आणि त्या चोचीनं ते सराटे छान फोडतात.

आता सुरुवातीचा प्रश्न काढा. या घराण्यातल्या कुठल्या पिल्लाची आई वेगळ्या प्रजातीची म्हणायची? पाहुण्याची पहिली पिल्लं थोडी आईसारखी, थोडी बाबांसारखी. त्यांची पिल्लं त्यांच्यासारखी. प्रत्येक आई आपल्या पिल्लासारखी आणि प्रत्येक पिल्लू आपल्या आईसारखं. वहीतलं कुठलंही पान उघडा, आजपासून ही नवी प्रजाती, असं म्हणावं असा दिवस सापडत नाही. तरीही चाळीस वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर एक गट बाजूला सरकत सरकत वेगळा झालेला स्पष्ट दिसतो. पहिल्या चिमणीचंही तसंच. ‘पहिली’ अशी एक चिमणी नव्हतीच. सावकाश वेगळा होत गेलेला एक अख्खा थवा होता.

इतकं वेगळं पडायला बहुधा शेकडो पिढ्या लागतात. इथं तीन पिढ्यांत काम झालं, आणि ते झालं ते दोन प्रजातींच्या मिसळण्यातून! २०१७ साली हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. मोठ्या पक्ष्यांना अजून प्रजातीचं वेगळं शास्त्रीय नाव दिलेलं नाही, आणि मला ते योग्य वाटतं. घराणं लहान आहे. एखादा वाईट दुष्काळ त्यांना पुसून टाकू शकतो, किंवा त्यांची पिल्लं शेजाऱ्यांचं गाणं शिकली, तर ते पुन्हा मध्यम फिंचांत मिसळून जाऊ शकतात.

पण संशोधकांनी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. समजा, तुम्ही आज पहिल्यांदाच डॅफ्नेवर गेलात आणि हा इतिहास तुम्हाला ठाऊकच नाही. तुम्ही पक्षी मोजाल, चोची मोजाल, गाणी ऐकाल, आणि या मोठ्या पक्ष्यांना बेटावरची आणखी एक प्रजाती म्हणून बिनदिक्कत वहीत लिहाल. मग डार्विन यांनी पाहिलेल्या प्रजातींपैकी एखादीची सुरुवातही अशीच, वाट चुकलेल्या एखाद्या पाहुण्यापासून झाली असेल का? असे किती पाहुणे येऊन गेले असतील, किती घराणी उभी राहून संपली असतील? तिथं तेव्हा वही घेऊन कुणी बसलेलं नव्हतं. पण पक्ष्यांच्या रक्तात थोडीशी नोंद राहिली आहे. २०१५ साली उप्सालाच्याच गटानं १२० पक्ष्यांची जनुकं वाचून पाहिली, तर फिंचांच्या साऱ्या इतिहासात एका प्रजातीची जनुकं दुसरीत मिसळल्याच्या खुणा त्यांना जागोजागी सापडल्या.